तीनतोंडी साचा

डोणगावात मेहकर रस्त्याला पंजाबराव टर्नरचं पत्र्याचं शेड आहे. आत एक जुनं लेथ मशीन, एक ड्रिल, आणि दाराशी लाकडी बाकडं. लेथवर जितकं लोखंड कातलं जाई, त्याच्या दुप्पट माणसं त्या बाकड्यावर कातली जात. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची परत आली, आणि आली ती नवऱ्याच्या ओढीनं की भावजयीच्या तोंडाला कंटाळून, याचा निकाल तिथेच लागायचा. पंजाबराव फार बोलत नसत, असं ते स्वतः म्हणायचे. गावाचं मत वेगळं होतं.

माणूस तसा देखणा. दिवसभर लोखंडाच्या किसात उभं राहूनही संध्याकाळी शर्टाची इस्त्री शाबूत. मिशी इतकी रेखीव, की ती वस्तऱ्यानं केली की लेथवर, असं तुळशीरामनं एका लग्नात भर पंगतीत विचारलं होतं. हा तुळशीराम ट्रॅक्टरवाला. बाकड्याचा कायमचा भाडेकरू, आणि भाड्यापोटी एक चहासुद्धा कधी न पाजलेला.

पंजाबरावांची एक खोड होती. बाकड्यावर नवखा माणूस बसला आणि त्याच्या हातात पाण्याची बाटली दिसली, की ते चालू मशीन बंद करून बाहेर येत.

"झाकन काढ बरं."

माणूस झाकण काढी.

"लाव आता. किती फेरे लागले?"

"असंन एखादा."

"बस? एवढ्या उंचीवर एका फेऱ्यात कसं काय उतरलं थे? आता बाटलीचा काठ पाह्य. आटा एका जाग्यावून सुरू होते का दोन-तीन जाग्यावून?"

माणूस डोळे बारीक करून पाही, आणि खरंच आट्याची तोंडं एकापेक्षा जास्त निघत. मग पंजाबराव खिशातून एक काडी आणि तीन रंगांचे दोरे काढत. हे दोरे त्यांच्या खिशात कायम असायचे. आधी एकच दोरा काडीला गुंडाळायचा, वेढ्याला वेढा चिकटवून. एक फेरा मारला की दोरा स्वतःच्या जाडीएवढाच पुढे सरकतो. मग तिन्ही दोरे शेजारी-शेजारी धरून एकदम गुंडाळायचे. आता एका फेऱ्यात तीन दोऱ्यांएवढी वाट कटते.

"हाच तीनतोंडी आटा. तीन वाटा, एकमेकींच्या अंगाले अंग लावून चालल्या. नट एका फेऱ्यात तिप्पट उतरते."

एखादा हुशार विचारी, "मंग एकच आटा तिप्पट रुंद काऊन नाई कापत?"

या प्रश्नाची तर ते वाटच पाहत. "रुंद कापाचा म्हनलं का खोलही तितकाच जाते. गज आतून उसाच्या चिपाडावानी होते अन् जोर आला का पिरगळते. तीन उथळ खाचा असल्या तं गज मजबूत राह्यते, अन् भार तिघीजनी वाटून घेतात."

एवढी सगळी प्रस्तावना असायची. खरी गोष्ट होती ती त्यांच्या बायकोच्या, जनकाबाईच्या, साच्याची, आणि ती ऐकल्याशिवाय बाकड्यावरून उठायची सोय नव्हती.

जनका उंद्रीची. लग्न होऊन डोणगावात आली तेव्हा पंजाबराव खामगावच्या एका वर्कशॉपात होते आणि शनिवारी घरी येत. तिचा पहिला उन्हाळा आला, आणि गल्लीत कुरोड्यांची पाळी लागली. या गल्लीची रीत अशी की आज एका घरी चीक शिजवायचा, उद्या दुसऱ्या घरी, आणि सगळ्या बायांनी सगळ्यांकडे जायचं. भिजवून, वाटून, गाळून गव्हाचं सत्त्व काढायचं, ते चुलीवर घोटून घट्ट करायचं, आणि गरम आहे तोवर साच्यातून दाबून उन्हात घालायचं. गरम आहे तोवर, हे महत्त्वाचं. चीक थंड झाला की दगड होतो, आणि साच्यातून तारा येण्याऐवजी तुकडे येतात.

सासूचा साचा बारीक आट्याचा. फिरवा, फिरवा, फिरवा, तेव्हा कुठे एक कुरोडी पडायची. पातेल्यातला अर्धा चीक फिरवता फिरवताच थंड झाला आणि नव्या सुनेच्या कुरोड्या पडल्या त्या दाढीच्या केसांसारख्या तुटक. सासू सगळ्या बायांदेखत म्हणाली, "उंद्रीच्या पोरीच्या हातात जोर कमी अन् तोंडात जास्त." तोंडाबद्दल तिचं फारसं चुकलं नव्हतं.

शनिवारी पंजाबराव घरी आले तर बायको पाठ करून झोपलेली. काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक, गल्लीनं कान लावूनही काही हाती लागलं नाही. पण सोमवारपासून खामगावच्या वर्कशॉपात पंजाबराव जेवणाच्या सुटीत लेथवर दिसू लागले. साच्याच्या नव्या गजावर पहिली खाच कापायची, मग दात्यांच्या चाकावर खडूनं खूण करून चाक सोडवायचं, दाते मोजून गज बरोबर एक तृतीयांश फेरा पुढे घ्यायचा, चाक पुन्हा बसवून दुसरी खाच, आणि तसंच तिसरी. एक दाता चुकला की एक आटा जाड, एक बारीक, आणि नट मेला तरी चढत नाही. पहिल्या गजाला दाता चुकलाच. तो वाया गेलेला गज घरी आला आणि मागच्या दाराचा अडसर झाला. दुसरा गज साधला.

तीन पायांच्या लोखंडी घोडीवर बसवलेला साचा घेऊन ते एसटीतून आले तेव्हा कंडक्टरनं त्याला अर्धं तिकीट लावलं.

एक फेरा, एक कुरोडी. एकीनं दांडा ओढायचा, दुसरीनं खाली ताट गोल फिरवायचं, आणि चीक वाफाळता असतानाच घरभराच्या कुरोड्या उन्हात. दांडा जड होता, हे कबूल. थोड्या फेऱ्यात जास्त वाट कापायची तर हातानं जास्त जोर द्यावाच लागतो. पण जनकाचे हात तेव्हा विहिरीच्या रहाटावर घडलेले. सासूनं एकदा दांडा ओढून पाहिला आणि ताटापाशी जाऊन बसली.

तेव्हापासून गल्लीचा नियम झाला. साचा एकटा जात नसे, जनकाबाईसकट जाई. कुणाच्याही घरी चीक असो, दांड्यावर जनकाबाई, ताटावर शेजारची बेबीताई, आणि दोघींच्या तोंडाची गती साच्याच्या वर. साऱ्या गावाच्या सुनांचं मोजमाप दर उन्हाळ्यात होऊन जाई. पोरी मोठ्या झाल्या, त्यांची लेक सारिका शिकून चिखलीला मास्तरीण झाली, पंजाबरावांनी खामगाव सोडून गावात स्वतःचं शेड टाकलं, केस पिकले. साचा आणि दांड्यावरची बाई तीच.

"बायकोसाठी तीनतोंडी केला म्या," पंजाबराव बाकड्यावर सांगत. "राजानं ताजमहाल बांधला, पन बायको मेल्यावर. आपन जितीजागती असताना केला."

यावर तुळशीराम दर वेळी एकच सांगे, "माह्याही जॅकले तसाच करून द्या ना मंग. ट्रॉली उचलता उचलता हात गळून जातात."

आणि पंजाबराव दर वेळी तेच उत्तर देत, शेडच्या पत्र्यांनाही पाठ झालेलं.

"येडा का बे तू? साच्याची गोष्ट येगळी, जॅकची येगळी. तीनतोंडी आटा उताराचा असते. जसा पटकन जाते तसाच पटकन माघारी येते. तू ट्रॉलीखाली घुसशीन, दांड्यावरचा हात सोडशीन, अन् ट्रॉलीच्या भारानं जॅक आपोआप उलटा फिरन. एकतोंडी आटा हळू चालते, पन हलका चालते, अन् जिथं हात सोडला तिथं बसते. वरून कितीही भार येवो, इंचभर सरकत नाई. ज्याले दमानं घ्या लागते, मधात थांबा लागते, त्याले एकतोंडीच पाह्यजे."

असं ते साऱ्या गावाला सांगत. घरी ताटावर बसल्या बसल्याही सांगत. जनकाबाई भाकरी वाढता वाढता ऐकत असे.

मग जनकाबाईच्या छातीत गाठ निघाली.

अकोल्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठ गेली, केस गेले, पुन्हा आले, काळेभोर आणि कुरळे आले. बेबीताई म्हणाली, "इतके पैसे देऊन तं शहरातल्या बायाही असे करून घेतात." जनकाबाई हसली. पण उजवा हात त्या ऑपरेशननंतर सुजला तो सुजलाच. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. डॉक्टरनं सांगितलं, या हातानं जड उचलायचं नाही, ओढायचं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती तरीही दांड्यावर बसली. डावा हात लावला. अर्धा फेरा ओढला, दम लागला म्हणून क्षणभर हात सैल सोडला, आणि आत दाबलेल्या चिकाच्या रेट्यानं दांडा सावकाश माघारी फिरला. साच्याच्या तोंडाशी आलेल्या तारा आत ओढल्या गेल्या. तिनं पुन्हा ओढला, पुन्हा थांबली, दांडा पुन्हा माघारी. बाया वाळवणाकडे पाहू लागल्या. ज्या बाया कुणाच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून टिपतात, त्यांना त्या दिवशी समोरचं दिसेना.

"सरक व, थंडा होऊन राह्यला चीक," बेबीताई म्हणाली आणि दांड्यावर बसली. जनकाबाई ताटापाशी आली.

घरी येऊन ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "साचा जड लागून राह्यला."

पंजाबरावांना वाईट वाटलं. आपल्या हातच्या वस्तूबद्दल अशी तक्रार त्यांनी कधी ऐकली नव्हती. दुसऱ्याच दिवशी साचा शेडवर नेला, गज काढला, लेथवर चढवून बारीक पॉलिश पेपरनं तिन्ही आटे आरशासारखे केले, नट धुतला, खायच्या तेलाचा हात दिला, आणि घरी आणून दांड्याला बोटानं टिचकी मारली. दांडा भिंगरीसारखा फिरला.

"घे. लोन्यावानी झाला."

लोण्यासारखा झाला खरा. पुढे जायला आणि मागे यायलाही. पूर्वी आट्यांच्या घासण्यानं तो माघारी येता येता थोडा अडखळत तरी होता. आता हात सुटायचा अवकाश, दांडा गर्रकन उलटा. पुढच्या घरच्या चिकाला तो जनकाबाईच्या डाव्या मनगटावर असा बसला की हळद लावावी लागली.

नवऱ्यानं विचारलं, "आता कसा हाये?"

"चांगला हाये," ती म्हणाली, आणि हात पदराखाली घेतला.

त्यानंतर ती चिकाला जाईनाशी झाली. गुडघे दुखतात, बसवत नाही, असं सांगे. गल्लीनं आपापला अर्थ लावला. कुणी म्हणालं दुखण्यानं मन उतरलं. कुणी म्हणालं बेबीताईशी बिनसलं, तिनं ऑपरेशनच्या वेळी डबा पाठवला नव्हता ना. बेबीताईनं दोन वेळा डबा पाठवला होता, पण अफवेला कोण विचारतो. पहिल्यांदाच साचा गल्लीत एकटा फिरू लागला. पंजाबराव बाकड्यावर आपली गोष्ट सांगतच होते. त्यांना वाटलं गुडघ्यांचंच आहे. बायकोच्या गुडघ्यांना तेल आणलं, तेही चांगल्यापैकी.

पुढे एका माघात तपासणीत कळलं की दुखणं परतलं आहे, आणि आता हाडांत गेलं आहे. डॉक्टर पंजाबरावांना बाजूला घेऊन बोलला. ते परत आले तर जनकाबाई एसटी स्टँडवरच्या बाकावर संत्रं सोलत बसली होती.

"काय म्हने?"

"गोळ्या बदलल्या."

"किती दिवस म्हने?"

पंजाबराव बाकावर तिच्या शेजारी बसले. तिनं संत्र्याची फोड त्यांच्या हातावर ठेवली.

"यंदा चीक आपल्या घरी पयला घालू," ती म्हणाली. "दांड्यावर मी बसतो. एकडाव माह्या हातानं पडू द्या कुरोड्या. मंग बेबी हाये अन् साचा हाये."

एवढंच तिनं मागितलं. पुढे काही मागितलं नाही. सारिका रजा टाकून आली, तिला वाटलं आईला कुठे फिरायला न्यावं, अजिंठ्याला, निदान लोणारला. जनकाबाई म्हणाली, "गहू भिजव."

गहू भिजत होते तेव्हाची गोष्ट. पंजाबराव दुपारी चष्मा विसरला म्हणून शेडवरून घरी आले. मागचं दार लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात घोडीवर साचा, साच्यात सैलसर भिजवलेली कणीक, आणि समोर पाटावर जनकाबाई. ती सराव करत होती. डाव्या हातानं दांडा पाव फेरा ओढायची, मग दातांत धरलेली जुन्या परकराची नाडी घाईघाईनं दांड्याला अडकवून खाटेच्या पायाला आवळायची, म्हणजे दांडा माघारी येणार नाही. मग दम घ्यायची. मग नाडी सोडून पुन्हा पाव फेरा. एकदा नाडी निसटली आणि दांडा फिरला. तिनं मनगट वेळेवर काढून घेतलं. सवयीनं काढून घेतलं, हे पाहणाऱ्याला कळावं इतक्या सफाईनं.

पंजाबराव दारात उभे राहिले. ट्रॉलीखाली घुसलेल्या तुळशीरामला ते जन्मभर जे सांगत आले होते, ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर पाटावर बसलेलं होतं.

"जनका," ते म्हणाले. "हे केव्हापासून?"

तिनं दचकून नाडी पदराखाली घेतली. मग काही उपयोग नाही असं पाहून बाहेर काढली.

"हात सोडला का माघारी येते," ती म्हणाली. "दुसरं काही नाई."

"तं सांगाचं नाई? एकतोंडी गज म्या एका दिवसात काढला असता! नवं पोरगंही काढते!"

"मले ठाऊक हाये ना. जॅकचं साऱ्या गावाले सांगता तुमी. मी का भैरी हावो?"

"मंग?"

जनकाबाईनं कणकेचा हात पुसला. "तुमी बाकड्यावर बसून सांगता, बायकोसाठी तीनतोंडी केला, असा जिल्ह्यात नाई. मी कोन्या तोंडानं म्हनू का हा नको, साधा द्या?" आणि मग, त्यांचा चेहरा पाहून, "तवा जोर होता मले. तवा चांगलाच होता साचा. तुमचं काई चुकलं नाई."

पंजाबराव चष्मा न घेताच शेडवर गेले.

चष्म्याशिवाय दाते मोजता येत नव्हते, पण या कामाला दाते मोजायचेच नव्हते. एकतोंडी आट्यात मोजण्यासारखं काही नसतं. खडूची खूण नाही, चाक सोडवणं नाही. एकदा टूल लावलं की पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं जायचं, थोडं थोडं खोल. शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात देतात ते काम. नटही नवा लागला, तोही त्यांनी कातला. गज पॉलिश केला नाही. त्या दिवशी बाटलीवाला एक नवखा माणूस बाकड्यावर येऊन बसला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

तुळशीरामनं मात्र पाहिलं. "काय पंजाबराव, आता एकतोंडी? वयमानानं गती कमी झाली वाटते!"

बाकडं हसलं. एरवी याला असं उत्तर मिळालं असतं की तुळशीरामच्या बायकोच्या कानापर्यंत पोचलं असतं. पंजाबराव मशीनकडे तोंड करून राहिले. तुळशीरामचं हसू अर्ध्यात थांबलं. थोड्या वेळानं तो उठला, समोरच्या टपरीवरून चहा घेऊन आला आणि मशीनशेजारी ठेवला. गावात याची चर्चा नंतर पुष्कळ झाली, की तुळशीरामनं चहा पाजला.

चिकाच्या दिवशी सकाळी अंगणात बाया जमल्या. सारिकानं चीक घोटला. घोडीवर साचा तोच होता, गज आणि नट नवे. जनकाबाईला सारिकानं आणि बेबीताईनं धरून पाटावर बसवलं, पाठीला उशी दिली. पंजाबराव पुरुषमाणूस, चिकाच्या अंगणात त्यांचं काही काम नव्हतं. ते दारात उभे राहिले आणि कुणी त्यांना जा म्हटलं नाही.

तिनं डावा हात दांड्यावर ठेवला. दांडा हलला, हलकाच. अर्धा फेरा. तारा साच्यातून बोटभर खाली आल्या. तिनं हात सोडला.

सगळ्या बाया दांड्याकडे पाहत होत्या.

दांडा जागचा हलला नाही. तारा तशाच लोंबत राहिल्या, वाफ निघत होती. जनकाबाईनं श्वास घेतला, हात मांडीवर ठेवला, मग पुन्हा उचलला. अर्धा फेरा. पुन्हा विसावा. खाली बेबीताई ताट इतकं हळू फिरवत होती, की तिला आयुष्यात कुणी इतकं हळू काही करताना पाहिलं नव्हतं. जुन्या साच्यानं एका फेऱ्यात पडायची ती कुरोडी इथे कितीतरी विसाव्यांनी पडली. पण पडली, गोल आणि अखंड.

"झाली व माय," बेबीताई म्हणाली. "आता तोंडही चालू दे, मुकी काऊन बसली?"

"तुही सून बोलून राह्यली का तुह्यासंग?" जनकाबाईनं विचारलं.

"पाह्य! दम नाई अंगात, पन बातमी पाह्यजे!"

अंगण हसलं. पंजाबरावही हसले, आणि मग भिंतीकडे वळून त्यांनी मिशी पुसली.

हळू साच्याची दुसरी बाजू होती, आणि ती पंजाबरावांना ठाऊक होती. चीक कुणासाठी थांबत नाही. पुढच्या कुरोड्यांच्या तारा मध्येच तुटू लागल्या, मग तुकडे पडू लागले. सारिकानं साच्याला गरम फडकी गुंडाळली, चीक थोडा थोडा भरला. एरवी या बायांना धीर नाही. चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंतही त्यांना गप्प बसवत नाही. त्या सकाळी कुणी कुणाला घाई केली नाही. तुटलेल्या कुरोड्याही त्यांनी अखंड असल्यासारख्या एकेक उचलून वाळवणावर मांडल्या.

ऊन वर आलं. जनकाबाईचा हात दांड्यावर एका जागी थांबला. तिनं पुन्हा ओढायला पाहिलं, मग सोडून दिला.

"बास," ती म्हणाली. "बाकीचा चीक वाया जाईन. तीनतोंडी गज लावा दुसऱ्या साच्याले. बेबी, तू बस."

तिला आत नेऊन निजवलं. बाहेर सासूचा जुना साचा माळ्यावरून काढून पंजाबरावांनी त्यावर तीनतोंडी गज आणि त्याचा नट चढवला. बेबीताई दांड्यावर बसली, आणि एक फेरा एक कुरोडी या हिशेबानं पातेलं बघता बघता रिकामं झालं. आतून जनकाबाईचा आवाज आला, "बारीक घाल व, ढेकळं नको पाडू!" ती ऐकत होती.

एकतोंडी साचा अंगणाच्या कोपऱ्यात घोडीवर तसाच राहिला. त्या गडबडीत तो धुवायचा राहून गेला. संध्याकाळी तिला ताप चढला, मग दवाखाना, मग पुन्हा घर. पावसाळा लागायच्या आत जनकाबाई गेली.

पुण्यानुमोदनाच्या जेवणाला बायांनी तिच्या हातच्या कुरोड्या तळल्या. तुटक्याही तळल्या. तुळशीराम पंजाबरावांच्या शेजारी बसला होता. त्याच्या पानात तुकडे आले. तो गंमत करणारच होता, ते त्याच्या तोंडावर दिसलं, पण त्यानं तुकडे एकेक करून खाल्ले आणि पुन्हा मागितले.

सगळे गेल्यावर सारिका घर आवरू लागली. कोपऱ्यातला साचा तिला दिसला. आत चीक वाळून दगड झाला होता, तोंडाशी बोटभर तारा लोंबत वाळल्या होत्या, पांढऱ्या, काचेसारख्या. दांडा अर्ध्या फेऱ्यात होता.

"बाबा, पाण्यात टाकतो याले. गंज धरन आतून. आटे खराब होतीन तुमचे."

"राहू दे."

"नाई निघनार मंग कधी."

"राहू दे बाई," पंजाबराव म्हणाले. "तिनं सोडला तिथंच हाये थो."

सारिकानं बापाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. साचा त्यांनी घोडीसकट घरात आणला आणि तिचा फोटो लावलेल्या भिंतीखाली ठेवला. लोखंडाला गंज कसा चढतो, चीक आट्यांत कसा बसतो आणि वर्षभरात नट गजाला कसा धरतो, हे डोणगावात त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा चैत्रात गल्लीत पुन्हा चिकाची पाळी लागली. बेबीताई दारात आली. नेहमीसारखी आत घुसली नाही, उंबऱ्याशी थांबली.

"भाऊजी, साचा न्या लागत होता. थो जुना."

पंजाबरावांनी तीनतोंडी गजाचा साचा काढून दिला. तिनं तो कडेवर घेतला, भिंतीखालच्या दुसऱ्या साच्याकडे एकदा पाहिलं, आणि निघाली. ती फाटकापर्यंत गेली तेव्हा ते दारात आले.

"बेबीताई, मधात थांबसान तं दांडा धरून ठेवजा. माघारी येते थो. हाताले लागते."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी ट्रॅक्टरवाल्यांना सांगितलं होतं. साचा नेणाऱ्या बाईला पहिल्यांदाच सांगत होते.

बेबीताईला ते ठाऊक होतं. जनकाबाईच्या मनगटावरची हळद तिनंच लावली होती. पण ती म्हणाली, "हाव भाऊजी, धरून ठेवीन," आणि साचा दोन्ही हातांनी छातीशी धरून गेली.